टळलेला मुहूर्त

अंबाजोगाईच्या जोगाईचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं. देवी कोकणातली. वऱ्हाड घाट चढून, नद्या उतरून बालाघाटाच्या डोंगरात पोचलं आणि परळी 25 किलोमीटरच्या आसपास राहिलेली असताना मुहूर्त टळला. वऱ्हाडी होते त्या जागी दगड झाले. देवी माघारी फिरली नाही आणि पुढंही गेली नाही. कुमारिका म्हणून इथंच राहिली. जयंती नदीजवळ हत्तीखाना नावाची लेणी आहेत, त्यांना जोगाईचा मांडवही म्हणतात. अंगणात दगडी हत्ती उभे आहेत, मधोमध नंदीचा मंडप. पुरातत्त्व खात्याच्या लेखी ती लेणी. पण गावातलं शाळकरी पोरसुद्धा हत्तीच्या सोंडेवर हात ठेवून तुम्हाला सांगेल, हा वऱ्हाडातला.

ही गोष्ट मी आजीच्या तोंडून ऐकली, एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसाकडून ऐकली, नवरात्रात रांगेत उभं असताना पुढच्या बाईनं मागच्या बाईला सांगितलेली ऐकली. एका सांगण्यात उशीर वधूकडच्यांचा असतो. दुसऱ्यात वैजनाथाचंच मन नसतं. परळीचा माणूस सांगतो तेव्हा सगळा दोष वाटेचा, आणि अंबाजोगाईचा सांगतो तेव्हा आवाजाला जरा धार येते. शेवट मला पाठ आहे, तरी ऐकताना दर वेळी मनात येतंच की थोडं आधी निघाले असते तर! लोककथा, कथा, कादंबरी, काहीही घ्या. हे 'तर' जिथं मनात उगवतं तिथं वाचणारा पान उलटतो.

जन्मभर मराठी शिकवलं. कथेचे घटक फळ्यावर लिहून दिले: कथानक, पात्रं, वातावरण, संवाद, भाषाशैली. पाच घटक, पाच गुण. पोरांनी पाठ केले आणि गुण घेतले. या पाचही घटकांना पुरून उरणाऱ्या कंटाळवाण्या कथा मासिकांत ढिगानं येतात, दिवाळी अंकांत तर पोत्यानं. म्हणजे वाचणाऱ्याला धरून ठेवणारी वस्तू त्या यादीत नाही. ती कुठं आहे हे शोधायला मला गावाबाहेर जावं लागलं नाही. अंबाजोगाईतच तिची तीन उदाहरणं सापडली.

पहिलं जोगाईचं, वर सांगितलं तेच. दुसरं मुकुंदराजांचं. त्यांची समाधी इथं आहे. त्यांचा विवेकसिंधु शके 1110 चा, म्हणजे इसवी सन 1188 चा मानतात आणि मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून त्याचं नाव पाठ्यपुस्तकांत येतं. (मुकुंदराज इथले की वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याचे, हा वाद विद्वानांनी अजून मिटू दिलेला नाही.) विवेकसिंधु सबंध वाचलेला माणूस अंबाजोगाईत दिवा घेऊन शोधावा लागेल, पण जैत्रपाळ राजाची गोष्ट चहाच्या टपरीवरही माहीत असते. राजानं हट्ट धरला की रिकिबीत एक पाय टाकल्यावर दुसरी मांड घोड्यावर बसायच्या आत मला ब्रह्म दाखवा. ज्यांना जमलं नाही त्यांना त्यानं खोदकामाला जुंपलं. साधू येत गेले, जुंपले जात गेले. मग मुकुंदराज आले. ब्रह्म दिसलं की नाही हे सोडा, ऐकणाऱ्याचा जीव अडकतो तो त्या रिकिबीत. एक पाय वर, एक पाय जमिनीवर, आणि वेळ तेवढाच.

तिसरं दासोपंतांचं. जन्म 1551, मृत्यू 1615. दुष्काळाच्या वर्षी वडिलांकडून सरकारचा भरणा थकला. बेदरच्या बादशहानं पोराला ओलीस ठेवून घेतलं आणि महिन्याची मुदत दिली. पैसे आले नाहीत तर पोराचा धर्म बदलणार. महिन्याचा शेवटचा दिवस उजाडतो, कलायला लागतो, आणि दत्ताजी पाडेवार नावाचा एक माणूस दरबारात येऊन सगळी रक्कम भरतो. तो कुठून आला, कुठं गेला, कुणाला कळत नाही. प्रत्यक्ष दत्तगुरू आले होते, असं सांगणारा शेवटी सांगतो.

एकाच गावच्या या तीन गोष्टी, आणि तिन्हींत वेळ संपत आलेली आहे. कुठं मुहूर्त, कुठं रिकीब, कुठं महिन्याची अखेर. माझ्या मते गोष्टीची सगळी रंगत इथून येते. माणसाला काहीतरी करायचं आहे आणि वेळ पुरणार नाही असं दिसतंय, एवढं झालं की ऐकणारा सरसावून बसतो. मग राजा असो, देव असो नाहीतर शेवटच्या एसटीसाठी पळणारी बाई असो.

यांतल्या दोन साधल्या आणि एक हुकली. मला विचाराल तर हुकलेली सगळ्यांत मोठी. रिकिबीची आणि बेदरची गोष्ट ऐकून माणूस सुटकेचा श्वास सोडतो आणि जेवायला बसतो. जोगाईची ऐकून तसं होत नाही. तिथं ऐनवेळी कुणी आलं नाही. झालेल्या उशिराची किंमत भरावी लागली आणि ती भरणारे दगड होऊन अजून उभे आहेत.

आता वेळेची ओढाताण एवढ्यानंच भागतं का? गेवराई तालुक्यात गोदेच्या काठी राक्षसभुवन आहे. 10 ऑगस्ट 1763 ला तिथं थोरल्या माधवरावांची आणि निजामाची लढाई झाली. नदीला पाणी, निजाम स्वतः पलीकडे उतरून गेलेला, अर्धी फौज दिवाण विठ्ठल सुंदराबरोबर अलीकडेच राहिलेली, राघोबादादा कोंडीत सापडलेले आणि पेशवा अठरा वर्षांचा. गोष्टीला याहून जास्त काय लागतं? विठ्ठल सुंदर पडला, मराठ्यांचा मोठा विजय झाला. पण राक्षसभुवनला लोक जातात ते शनीला. तेल वाहतात आणि परत येतात. लढाईची गोष्ट मला तिथं आपण होऊन कुणी सांगितलेली नाही. मला वाटतं त्याचं कारण असं की आपण शाळेत शिकलो त्या लढाईत राक्षसभुवन फक्त नावाला आहे. ऑगस्टात शिवारात बाजरी उभी असणार. ती कुणाची तुडवली गेली, कुणाच्या घरातली कणगी फोडली गेली, त्या रात्री गाव कुठं जाऊन लपलं, याचा एक शब्द आपल्यापर्यंत आला नाही. हातात धरायला काही नसलं की गोष्ट तारखेच्या पुढं सरकत नाही.

हातात धरायची ही वस्तू दामाजीपंतांच्या गोष्टीत आहे. मंगळवेढ्याचे दामाजी आणि आमचे दासोपंत, दोघांच्या गोष्टीचा सांगाडा एकच. बेदरचाच बादशहा, दुष्काळच, थकलेला हिशेब आणि पैसे भरायला आलेला अनोळखी माणूस. तिकडं विठू महार, इकडं दत्ताजी पाडेवार, म्हणजे तोही महारच. पण सगळा महाराष्ट्र दामाजीची सांगतो आणि दासोपंतांची आमच्या भागापुरती राहिली. पंढरपूरचा महिमा आहेच. पण दामाजीच्या गोष्टीत एक जिन्नस जास्त आहे, तो म्हणजे पावती. दामाजी पूजेला बसतात, गीतेची पोथी उघडतात आणि पानांतून रक्कम पोचल्याची पावती निघते. देवानं चमत्कार केला, पण सरकारी कागद घ्यायला तो विसरला नाही! पैसे भरूनही बाकी दाखवतात, हा अनुभव ज्या मुलखात घरोघर आहे तिथं या पावतीचं मोल कुणाला समजावून सांगावं लागत नाही. देव आला होता यावर विश्वास बसो न बसो, कागदावर बसतो.

दोन्ही गोष्टींत देव सावकार होऊन आला नाही, सरदार होऊनही आला नाही. ज्याला देवळाच्या पायरीपाशी अडवत होते त्याच्या वेशात तो दरबारात गेला. सांगणाऱ्यानं हे मुद्दाम केलं की त्याच्या तोंडून निघून गेलं, कोण जाणे. पण 'देव पावला' म्हणून सगळे उठले तरी ऐकणारा एखादा तिथंच बसून राहतो. त्याला विचारायचं असतं, देव गेल्यावर खऱ्या पाडेवाराला कुणी दरबारात घेतलं का? पैसे भरले जातील का, एवढ्यासाठी गोष्ट ऐकली जाते. ती सांभाळून ठेवली जाते ती या प्रश्नासाठी. पुष्कळ रंगतदार गोष्टींत तो नसतो, म्हणून त्या सकाळपर्यंत टिकत नाहीत.

दासोपंतांनी लिहिलं किती, तेही पाहा. गीतार्णवाच्या ओव्या सव्वा लाख सांगतात. तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद पासोडी घेतली आणि ती पंचीकरणानं लिहून काढली. अंबाजोगाईत ती जपून ठेवली आहे. लोक पासोडी बघायला जातात. वाचायला गेलेला मला अजून भेटला नाही. पुन्हा सांगितली जाते ती मात्र शेवटच्या दिवशी आलेल्या पाहुण्याची चार वाक्यांची हकिगत.

लांबीबद्दल माझी तक्रार नाही. लीळाचरित्र लांबच आहे. गेवराईकडं पांचाळेश्वरला महानुभावांचं आत्मतीर्थ आहे. तिथं गेलो की मला म्हाइंभट आठवतात. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं होतं त्यांच्याकडं जाऊन म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या आणि 1278 च्या सुमाराला मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ उभा राहिला. त्याच्या पोथ्यांत एकाच लीळेचे वेगवेगळे पाठ सापडतात आणि कोणता पाठ कुणाचा, तेही कितीदा नोंदलेलं असतं. साडेसातशे वर्षांनी हे का वाचावंसं वाटतं? तत्त्वज्ञानासाठी वाचणारे वाचतात. मी वाचतो ते चक्रधरांची सेवा करणाऱ्या बाइसांच्या स्वयंपाकासाठी, भक्तांच्या रुसव्याफुगव्यांसाठी, कोण कुठं बसलं होतं आणि काय ऐकून कोण गप्प झालं यासाठी. सांगणारा तिथं हजर होता, याची पावती पानोपानी मिळते.

आमचा बीड जिल्हा गडांचा आणि सप्ताहांचा. नारायणगड, गहिनीनाथगड, सीमेवरचा भगवानगड. नेकनूरला बंकटस्वामींचं स्थान. कीर्तन ऐकत मोठी झालेली माणसं गोष्टीच्या बाबतीत फार अवघड गिऱ्हाईक असतात. रात्रीचे नऊ वाजलेले. ताडपत्रीवर माणसं दिवसभराची खुरपणी करून आलेली, निम्मी पेंगत असतात. अभंगाचं एक चरण सोडवता सोडवता बुवा एकदम म्हणतात, "एक म्हातारी होती..." आणि माना वर येतात. एका सप्ताहात म्हातारीची नदीतली गोष्ट ऐन पुरात आणून बुवांनी पखवाजाकडं हात केला आणि विठ्ठल विठ्ठल सुरू झालं. टाळ वाढत गेले, थांबायचं नाव नाही. माझ्या पुढं बसलेली एक आजी न राहवून बोलली, "मेली का वाचली तेवढं सांगा की आधी, मंग म्हना इठ्ठल!" आसपासचे हसले. बुवांनीही ऐकलं असावं, कारण गजर त्यांनी आणखी लांबवला.

कथाकथन शिकवायचे वर्ग हल्ली निघाले आहेत. त्या आजीला तिथं परीक्षक म्हणून बसवावं.

आता कीर्तनात विनोद फार वाढला आहे. सासू, सून, मोबाईल, पोरींचे कपडे. मिनिटाला एक हशा. पोरं मोबाईलवर त्याचे तुकडे बघतात. मला हसायचं वावडं नाही, पण उठून जाताना त्यातलं काही सोबत येत नाही. ज्याच्यावर हसलो तो माणूस कुठल्या गावचा, त्याच्या घरात काय चाललं होतं, हे सांगणाऱ्याला ठाऊक नसतं आणि जाणूनही घ्यायचं नसतं. तीच थट्टा तो उद्या नगरला करणार, परवा जालन्याला.

विनोदातून माणूस उभा करणं काय असतं ते मिरासदारांकडं बघावं. मराठी कथा कागदावरून उठवून खेड्यापाड्यांतल्या मांडवांत नेली ती व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी. 1983 साली अंबाजोगाईला अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष माडगूळकर. 1985 ला नांदेडला भरलं, अध्यक्ष शंकर पाटील. 1998 ला परळीला भरलं, अध्यक्ष मिरासदार. तिघांनाही अध्यक्षपदाची खुर्ची मराठवाड्यात मिळाली आणि त्यातल्या दोघांना आमच्या जिल्ह्यात, तीसुद्धा नेमकी जोगाईच्या आणि वैजनाथाच्या गावी. हा योगायोग संमेलनवाल्यांच्या ध्यानात आला होता की नाही, माहीत नाही.

मिरासदारांच्या भोकरवाडीच्या कथा कॅसेटवर ऐकताना माझ्या लक्षात आलं की विनोदाचं वाक्य येण्याआधीच माणसं हसायला लागतात. गणामास्तर काय बोलणार, बाबू पैलवान कुठं घसरणार, नाना चेंगट कधी घाबरणार, हे ऐकणाऱ्याला आधीच माहीत झालेलं असतं आणि त्याची वाट बघण्यातच मजा असते. पुढं काय होणार हे लपवलं तरच उत्सुकता राहते, असं नवशिक्या लेखकांना वाटतं. ओळखीचा माणूस आता काय करेल, ही उत्सुकता त्याहून दमदार. माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त तर कोडं काहीच नाही. एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर जातो, शाळा धरतो, तालीम बांधली जाते, पाऊस येत नाही, माणसं वाडी सोडून जातात. 1955 चं पुस्तक. आभाळाकडं बघत बघत पानं उलटतात, आणि बीड जिल्ह्यातल्या वाचकाला तर तो पाऊस आपल्याच शिवारात न पडलेला वाटतो.

भास्कर चंदनशिव मांजरेच्या पलीकडचे, कळंबजवळच्या हासेगावचे. त्यांची 'लाल चिखल' पाठ्यपुस्तकात होती तेव्हा वर्गात वाचायचो. बाजारचा दिवस, टोमॅटो, बाप आणि शाळकरी पोरगा. गिऱ्हाईक नाही, भाव पडत चाललाय, दिवस कलतोय. बघा, इथंही वेळ संपत आलीच आहे. पण इथं पाडेवार येत नाही. बाप स्वतःच पिकवलेले टोमॅटो स्वतःच्या पायांनी तुडवतो. वाचून संपलं की वर्ग गप्प. एका वर्षी मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "सर, त्या दिवशी कॅरेट कितीला होतं?" दोघंतिघं हसले. मला तो प्रश्न कथेवरच्या साऱ्या समीक्षेपेक्षा मोलाचा वाटला. त्याचा बाप नेकनूरच्या बाजारात बसायचा. त्याला कथेचा आशय कळला नव्हता असं नव्हे. तो हिशेब ताडून बघत होता. आणि चंदनशिवांची कथा अशी की तो हिशेब तिच्यावर ताडून बघता येतो.

2019 साली बीड जिल्हा देशभरच्या बातम्यांत आला. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, त्याची बातमी. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82 हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. दिल्ली-मुंबईचे, परदेशातलेही पत्रकार गाड्या घेऊन वस्त्यांवर यायला लागले. मी कुणाच्या तरी ओळखीनं एका बाहेरच्या बाईंना घेऊन अशाच एका वस्तीवर गेलो होतो. बाई कष्टाळू होत्या, मनानं चांगल्या होत्या. ओट्यावर बसून त्यांनी नीट प्रश्न विचारले: कधी काढली, कुठं काढली, किती पैसे लागले, मुकादमानं सांगितलं होतं का. घरची बाई एकेका वाक्यात उत्तरं देत होती. हे प्रश्न तिला दुसऱ्या कुणी तरी आधीच विचारलेले दिसत होते.

प्रश्न संपले, रेकॉर्डर बंद झाला, चहा आला. मग ती बाई माझ्याकडं बघून आपण होऊन बोलायला लागली. "गुरुजी, एकदा काय झालं म्हायतीय का..." फडावर असताना नवरा तापानं फणफणला. खाडा पडला तर उचलीतून पैसे कापणार. गाडी तर भरून उभी. तान्ही पोर पुढ्यात घेऊन हिनंच बैलगाडी हाणत कारखाना गाठला. गाड्यांची ही रांग! रात्रभर नंबरात उभी. पोर रडत होती, बैल बसायला लागले होते. पहाटं नंबर आला आणि काटा बंद पडला. ऊस वाळत चालला की वजन घटतं, तिला ते बरोबर माहीत. दिवस वर आला, काटा सुरू होईना, इकडं खोपीवर नवरा एकटा. त्या बाईनं मग काट्यावरच्या माणसाला काय सुनावलं, ते मी इथं लिहिणार नाही. पण ती सांगत होती आणि ओट्यावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांनी ते कितीदा तरी ऐकलेलं होतं. "मग?" एक म्हणाली, सगळं माहीत असून.

मग ती उठून आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून एक घडी घातलेला कागद घेऊन आली. काट्याची पावती. अक्षरं उडत आलेली, घडीवर चिरलेली. मी उजेडात धरून नाव वाचलं.

"नाव मालकाचं हाय," ती म्हणाली, "पर गाडी म्या नेलती."

पत्रकारबाईंना मराठी बेताचंच येत होतं. मी सांगायला लागलो, पण त्यांना अंधार पडायच्या आत दुसऱ्या वस्तीवर जायचं होतं. पुढं त्यांचा लेख इंग्रजीत छापून आला. लेख चांगला होता, आकडे बरोबर होते, असे लेख आले म्हणून सरकार हललं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बातमीला 13 हजार लागतात. पण त्या लेखातली बाई वाचकाला पाच मिनिटांपुरती दिसली आणि 13 हजारांत मिसळून गेली. पावतीवाली बाई तशी मिसळत नाही. तिची गोष्ट सांगितली की ऐकणारा मुकादमाचा हिशेब विचारतो, उचल किती होती ते विचारतो, तान्ह्या पोरीचं काय झालं ते विचारतो. आणि मग पिशवी का काढली, हेही त्याला न सांगता उमजायला लागतं.

अशा गोष्टींना आमच्याकडं तोटा नाही. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गायल्या, त्या 1996 मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्या गी पोइतवँ आणि हेमा राईरकर यांच्या कामातला तो भाग. महाराष्ट्रभरातून त्यांनी लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आता जाती गेली. गिरणीच्या आवाजात कुणी कुणाला काही सांगत नाही. ओवी गेली तशी फडावरची रात्रीची बोलणीही जातील. त्यांच्यामागं कुणी म्हाइंभट लागलेला मला तरी दिसत नाही.

म्हणून पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, वडवणी, केज भागातल्या शिक्षकांना माझं एक सांगणं आहे. दिवाळीच्या सुमाराला आईबापांबरोबर गेलेली पोरं मार्च-एप्रिलात कारखान्यावरून परत येतात आणि आपण त्यांच्यापुढं 'माझा आवडता ऋतू' ठेवतो. त्याऐवजी त्यांना फडावरची एक रात्र लिहायला सांगा. एकच रात्र, एकच पान. कोण आजारी होतं, गाडी किती वाजता भरली, खोपीत पाणी शिरलं तेव्हा पीठ कुठं ठेवलं, काट्यावर काय भांडण झालं. शुद्धलेखन तपासू नका, मुद्दे देऊ नका, शेवटी तात्पर्य लिहायला तर मुळीच लावू नका. दरवर्षीची पानं शिवून त्यांची वही करा, वर गावाचं नाव आणि साल घाला आणि शाळेच्या ग्रंथालयात ठेवा. दुसऱ्या पोरांना ती वाचायला द्या. आणि कपाटाला कुलूप लावू नका.